मला साबण लावू नका

मी बोलतोय, माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज. रंग विचारू नका. कारखान्यातून निघालो तेव्हा निळा होतो, आता चहाच्या गाळणीसारखा झालोय आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझं बालपण एका गाण्याच्या शिक्षिकेच्या घरी गेलं. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांच्या टाकीत माझ्या छिद्राछिद्रांतून पाणी वाहायचं आणि हळूहळू माझ्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहायला आले. माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात जे विष तयार होतं, ते हे माझे भाडेकरू फस्त करतात. माझा मळ म्हणजे त्यांचा संसार.

एके दिवशी आत्याबाईंच्या भाचीचा फोन आला. "आत्या, बाबांचे मासे पुन्हा गेले गं. एकच उरलाय. बाबा धड जेवतसुद्धा नाहीत."

बाबा म्हणजे तिचे सासरे. आत्याबाईंनी मला ओला असतानाच पिशवीत घातलं आणि थेट तिचं घर गाठलं.

सासरे लॉन्ड्रीवाले. उभी हयात लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात गेलेली. बायको गेल्यावर त्यांनी लॉन्ड्री बंद केली आणि जिवाला विरंगुळा म्हणून ही टाकी आणली. दर रविवारी ते सगळं पाणी उपसायचे, खडा न् खडा घासायचे, नळाचं ताजं पाणी भरायचे. टाकी लखलखायची आणि मासे मरायचे. "माझ्या हातालाच काही लाभत नाही," असं ते सुनेला म्हणत.

मला पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. "विहीणबाई, ही भेट आणलीत?"

"हो, व्याहीबुवा. हा तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उडून जायला पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवा. आणि एका वेळी पाव टाकीच बदला, सगळी नको."

"आणि हे ध्यान धुवायचं कधी?"

"साबणानं कधीच नाही."

त्यांनी मान डोलावली, पण हात शिवशिवत होते. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मला बाहेर काढलं आणि मोरीत नेलं. एका हातात मी, दुसऱ्या हातात साबणाची वडी. माझे सगळे भाडेकरू आणि तो एकटा उरलेला नारिंगी मासा, सगळ्यांचं आता काही खरं नव्हतं. पण सासऱ्यांच्या मनानं कच खाल्ली. वडी खाली ठेवून त्यांनी आत्याबाईंना फोन लावला.

"थोडासाच लावतो. मळ बघवत नाही हो."

आत्याबाईंनी उलट विचारलं, "रेशमी कपडा कधी उकळत्या पाण्यात टाकलात?"

"वेडा आहे का मी? रेशमाला त्याच्या कलानं..." ते बोलता बोलता थांबले. "म्हणजे हे नाजूक कापड आहे. मग असं आधी सांगायचं ना."

त्यांनी टाकीतलंच थोडं पाणी बादलीत घेतलं आणि मला त्यात अलगद पिळलं. काय सांगू, इतका हलका हात आत्याबाईंचाही नव्हता.

मग नवे मासे आले आणि टिकले. एका सकाळी सासऱ्यांनी सुनेला हाक मारली. "अगं, इकडे ये. हा कचरा पोहतोय."

कचरा कसला, ती पिल्लं होती. डोळे तेवढे दिसावेत एवढीशी. सासरे हसत सुटले आणि सून माशांकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. संध्याकाळी आत्याबाई आल्या. पिल्लं किती यावर त्यांचा नि सासऱ्यांचा असा वाद जुंपला की चहा निवून गेला. ती मोजायला म्हणून त्या अजूनही येतात.

आता मी विरत चाललोय. म्हणून माझ्या शेजारी एक नवा स्पंज बसवलाय, कोरा करकरीत. माझे भाडेकरू एकेक करून त्याच्याकडे बिऱ्हाड हलवताहेत. तो रोज विचारतो, "आजोबा, मी कधी मळणार?"

मळेल तो. तेवढे दिवस आम्हां दोघांना एकत्र राहू द्या, मग मला खुशाल काढा.