छातीची जागा

माणसाचं पाऊल हातात घ्यायचं तर आधी आपली मान खाली जाते. मैदानामागच्या खोलीत खेळाडूंच्या तळव्यांना मालिश करणाऱ्या मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. वीस वर्षं बुटक्या स्टुलावर बसून ते अंगात मुरलं होतं. पोरंपोरी धावून धावून अर्धमेली व्हायची, खाटेवर आडवी पडायची, आणि मामा मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तळव्यावर अंगठा टेकवायचे. तसे ते एकटीचेच मामा, लांब पल्ल्याची शर्यत धावणाऱ्या आपल्या भाचीचे. पण तिचं ऐकून अख्खं मैदान त्यांना मामा म्हणू लागलं. तिला धावायला शिकवणारे सरसुद्धा म्हणत, आणि सर तर मामांपेक्षा चार वर्षांनी मोठे.

खोलीच्या भिंतीवर तळव्यांचा नकाशा होता. टाचेत कंबर, खोलगट भागात पोट, बोटांखालच्या गादीत छाती. देहाचा सारा संसार देवाने दोन पावलांत मांडून ठेवलाय, अशी मामांची श्रद्धा. दुखेल तिथे जास्त दाबायचं, हा त्यांचा नेम.

शनिवारी निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघी संघात जाणार. भाची मागची दोन वर्षं चौथी आली होती, त्यामुळे यंदा सरांनी तिच्याकडून चढावरच्या धावा अगदी पिळून घेतल्या. सोमवारी तिच्या डाव्या पावलाच्या गादीला अंगठा लागला आणि ती कळवळली. मामांनी नकाशाकडे पाहिलं. छातीची जागा. चढावर दम कोंडलाय पोरीचा, असं म्हणून ते रोज तिथेच रेटून दाबू लागले. तीही म्हणायची की दाबलं की मोकळं वाटतं.

गुरुवारी दुपारी मामांचा अंगठा मधेच थांबला. दमलेला स्नायू अंगठ्याखाली आधी ताठरतो, मग हळूहळू सैलावतो. ही जागा चार दिवसांत तसूभर हलली नव्हती. त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूने बोट फिरवलं. हाडावर, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी, ऊब आणि जराशी सूज. त्यांनी तिला उभं करून डाव्या पायावर एक उडी मारायला सांगितली. तिने उजव्यावर मारली. डाव्यावर, मामा म्हणाले. ती खाली वाकून चपला शोधू लागली.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"गेल्या आठवड्यापासून. तू छातीची जागा म्हणालास ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, हाड नाही."

मग तिने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दोनच दिवस राहिलेत, साडेबारा फेऱ्या, त्यानंतर तू म्हणशील तितके दिवस झोपून राहीन. मामा बधत नाहीत असं पाहून तिने त्यांना नेमकं दुखेल तिथे बोट ठेवलं.

"आणि सरांना काय सांगणार आहेस? की चार दिवस मी दुखावलेलं हाड दाबत बसलो होतो? मग कोण येऊन झोपेल तुझ्या या खाटेवर?"

मामांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातांना ते देवाचं देणं म्हणत आले होते. पण देणं असलं तरी डोकं वापरायची बंदी थोडीच होती? भिंतीवरच्या पावलावर त्यांचा इतका जीव जडला, की हातातल्या पावलाला विचारायचंच राहून गेलं.

"खाट रिकामी पडली तर मी दुसरं काहीतरी करीन," ते शेवटी म्हणाले. "तुला दुसरं पाऊल कुठून आणू?"

सरांसमोर मामांनी चूक आपली म्हणून सांगितली. भाची म्हणाली, नाही, मी लपवलं. दोघांची त्यावरून जुंपली, तेव्हा सर वैतागून म्हणाले, "गुन्हा मागाहून वाटून घ्या. आधी गाडीत बसा."

हाडाला केसाएवढी चीर होती. शर्यतीत हाड पुरतं मोडलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा आठवडे विश्रांती. परतताना भाची खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी मामांच्या खोलीत एकच जण आला, तोही दारातूनच विचारायला, की मामा, माझं तर काही मोडलं नाहीये ना? मामांनी त्याला हसून नाही म्हटलं आणि एकटेच टॉवेलांच्या घड्या घालत बसले.

शनिवारी शर्यत झाली. लांब टांगांची, जिला सगळे उंटीण म्हणत, ती तिसरी आली आणि रेषेपलीकडेच बूट काढून तळवा धरून बसली. मामा चार पावलांवर उभे होते, पण पुढे व्हायचा धीर होईना. कठड्याशी उभी असलेली भाची कुबड्या टेकत आली. डोळे रडून लाल झाले होते.

"ऊठ गं उंटिणी. मामाकडे जा."

उंटीण चाचरली. "अगं, पण तुझा मामा..."

"चुकतो तो. पण चुकला की आपण होऊन सांगतो. तू फक्त कुठे दुखतंय ते खरं सांग. मी नाही सांगितलं."

मामांनी उंटिणीला हात देऊन उभं केलं. मग तिघं खोलीकडे निघाली, अगदी सावकाश, कारण सगळ्यांत पुढे कुबड्या होत्या.