पालकाची सही

धाकटीने विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात विषयापुढे 'भौतिकशास्त्र' लिहिलं. त्या घरात गेली चार वर्षं हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. ताई तोच विषय घेऊन विद्यापीठात गेली होती आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सामानसुमान घेऊन परत आली होती. त्यानंतर सहा महिने ती कुणाशी धड बोललीही नव्हती. आईने तिची पुस्तकं माळ्यावर टाकली. धाकटी ती चोरून वाचायची. ती आपल्याला आवडतात, याचंच तिला भय वाटायचं.

मुदत संध्याकाळी पाचला संपत होती आणि पालकाची सही राहिली होती. वडील हयात नव्हते. आईला विचारायची छाती होईना. शेवटी दुपारी, ताई ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथे ती गेली. ताई मशीनवर भिंगाच्या कडा घासत होती. पालक म्हणून तूच सही कर, आईला मागाहून सांगू, असं धाकटी एका दमात बोलून गेली.

ताईने मशीन बंद केलं. तिचा चेहरा इतका उतरला, की उगाच आलो असं धाकटीला झालं. ताईने अर्ज वाचला, मालकांना सांगितलं आणि थेट घरची वाट धरली. धाकटी तिच्या मागोमाग निघाली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. अर्ज बघून ती मटकन खाली बसली. "एकीचं झालं तेवढं पुरे नाही का?"

ताई तिच्याजवळ टेकली. "आई, मी पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते. वर्षभर तुला सांगितलं नाही. फोनवर सगळं छान चाललंय म्हणायचे. विषय अवघड होताच, पण मी खचले ती त्या लपवाछपवीनं."

आईला हे आजच कळत होतं. तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग धाकटीकडे वळली. "नापास झालीस तर त्याच दिवशी सांगशील?"

धाकटीने मान हलवली. आईने पेन घेतलं. सही वाकडीतिकडी आली.

अर्ज वेळेत गेला. महिन्याभराने प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आनंद झाला, नाही असं नाही, पण धाकटीला धास्तीही वाटली. ती ताईशेजारी जाऊन बसली आणि तिने विचारलं, त्या परीक्षेत तुला नेमकं काय आलं नव्हतं?

ताईने कागद-पेन्सिल मागितली.