अकरा दिवसांची आघाडी

मिळकत मोजायची तर एवढीच होती: तिरप्या अक्षरांतल्या दोन लॅटिन शब्दांमागे सरळ अक्षरांत एक आडनाव, आडनावापुढे स्वल्पविराम, स्वल्पविरामापुढे साल. पेडणेकर, स्वल्पविराम, साल. नव्या जीवजातीचं वर्णन पहिल्यांदा छापणाऱ्याला जग एवढंच देतं. आणि एवढ्यासाठी माणूस पृथ्वीला अर्धा वळसा घालतो, घोटाभर चिखलात उभा राहतो, आणि शेजारच्या बाटलीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो.

इक्वाडोर देशातला अँडीजचा पूर्व उतार. मेघांनी माखलेलं, शेवाळाने शृंगारलेलं, जलबिंदूंच्या जपमाळा ओढत बसलेलं अरण्य. सकाळी धुकं दरीतून वर येई, दुपारी शिखरावरून खाली येई. आणि त्या दोन शुभ्र येरझाऱ्यांच्या मधे घटकाभर ऊन पडे. तेवढ्या उन्हात सारं रान पाचूच्या खाणीसारखं आतून पेटे. वृक्षनेच्यांची चवऱ्या ढाळणारी पानं, फांद्याफांद्यांवर पाणी धरून बसलेली अननसाच्या गोतातली झुडपं, आणि झुडपाझुडपांतून ताणलेली जाळी, दवाने जडवलेली, वाऱ्याने जोजवलेली.

त्या रानात एक संशोधन-ठाणं होतं, पत्र्याच्या छपराचं. तिथे आठपायी कोळ्यांचे दोन अभ्यासक पुण्याहून आले होते. विश्राम पेडणेकर, वय छप्पन्न. आणि केतकी धारप, त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, वय सदतीस.

चिमटा कसा धरायचा हे केतकीला पेडणेकरांनी शिकवलं. कोळ्याचा पाय न तुटता त्याला मद्यार्कात कसं निजवायचं, तेही त्यांनीच. लेबल पेन्सिलीने लिही, शाई विरघळते. लेबलावर जागा आणि तारीख खरी घाल, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. एकटा नर किंवा एकटी मादी सापडली तर जोडीदार मिळेपर्यंत थांब. हे सगळं त्यांनीच.

विद्या दिली, आणि विद्या व्याजासकट दुसऱ्याच घरी नांदली. सव्वीस वर्षांत पेडणेकरांच्या जाती चार. त्यांतली एक पुढे जुन्याच जातीत निघाली, म्हणून तीन. केतकीच्या नऊ वर्षांत सतरा. कुणी अठरा म्हटलं, की "सतरा, अजून सतराच," असं दुरुस्त करणारे पहिले पेडणेकर असत. शिष्येची मोजणी इतकी चोख ठेवणारा दुसरा गुरू मिळणं कठीण.

ठाण्यावर एक रीत होती. संध्याकाळच्या सूपाआधी जेवणाच्या टेबलावर पांढरी ताटली ठेवली जाई. दिवसभरात ज्याला जे अनोळखी सापडलं, ते त्याने तीत मांडायचं. सगळ्यांनी वाकून बघायचं. मग ते बाटलीत, आणि मग सूप. ताटलीत मांडलेलं सगळ्यांचं, पण ज्याने मांडलं त्याचं पहिलं. रीत रोसाउराबाईंची. ठाण्याचा स्वयंपाक त्यांचा, आणि पंचवीस वर्षं रानात लाकूडफाट्याला जाणारे डोळेही त्यांचे.

बुधवारी, ओढ्याकाठी, त्या घटकाभरच्या उन्हात, पेडणेकरांना ती दिसली.

नेच्याच्या दोन पानांमधे चक्राकार जाळं, आणि चक्राच्या नाभीत ती: हरितवर्णा, कंटककटी, पोटावर बारा काटे आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला केशराचा ठिपका. तिला पाहून पेडणेकरांचा श्वास अडखळला. सव्वीस वर्षांत असा अडखळला नव्हता. प्रेमात पडलेल्या माणसाचा पहिला विचार तिच्याविषयी असतो. पेडणेकरांचा पहिला विचार होता: केतकीने पाहिली नाही ना?

लेबलावर पेन्सिलीने खरी जागा आणि खरी तारीख घातली. बाटली साबणाच्या डबीत, डबी पिशवीच्या तळाशी. संध्याकाळी पांढऱ्या ताटलीत पेडणेकरांच्या वाट्याची जागा पांढरीच राहिली.

"काय हो डॉक्टर, आजही रिकामे?" रोसाउराबाई सूप वाढताना म्हणाल्या. "माझ्या कोंबड्यासुद्धा रोज काहीतरी देतात."

"आमचं पीक उशिराचं," पेडणेकर म्हणाले, आणि सूप भाजेल इतक्या घाईने प्यायले.

शनिवारी केतकीने ताटलीत एक नर मांडला. मोहरीहून थोडा मोठा; निळा, इतका निळा की जणू आकाशाने हरवलेला एक थेंब. ना काटे, ना केशर. सगळे वाकले. सगळे थोडा वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लांबी पेडणेकरांनी मनात मोजली, आणि ती त्यांच्या कुठल्याही व्याख्यानाला मिळाली नव्हती.

"याची मादी कशी असेल कोण जाणे," केतकी म्हणाली. "सर, तुम्ही त्याच ओढ्याकडे जाता ना? जाळ्यावर काही वेगळं दिसलं का?"

साबणाची डबी दहा पावलांवर होती.

"नाही गं," पेडणेकर म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असणं दारापर्यंत आलं होतं, दारावर हळूच थापही पडली होती. पण मत्सराने आतून कडी लावली. ती हिरवी, हा निळा. ती बोराएवढी, हा मोहरीएवढा. ती काटेरी, हा गुळगुळीत. कसा होईल हा तिचा? माझी वेगळी, हिची वेगळी. माझी एकटी.

काटे तिच्या पोटावर होते. टोचले यांच्या पोटात.

पुण्यात परतल्यावर पेडणेकर थांबले नाहीत. केतकी थांबली, कारण तिला थांबायला शिकवलं होतं: तिने दोन महिने रोसाउराबाईंकडून मादीची वाट पाहिली, आणि निधीचा अहवाल डोक्यावर आला तेव्हा नाइलाजाने एकट्या नराचं वर्णन छापायला दिलं. ते छापून येण्याआधीच पेडणेकरांचं छापून झालं. एकच मादी, एकच बाटली, घाईची चार चित्रं. नाव दिलं, 'सोलिटारिया'. म्हणजे एकटी.

अकरा दिवसांनी केतकीचा लेख आला. पेडणेकरांनी तो गॅलरीत, सकाळच्या चहाबरोबर उघडला. आधी तारीख पाहिली, अकरा दिवस दोनदा मोजले, आणि चहा त्यांना फार दिवसांनी गोड लागला. मग नाव पाहिलं.

निळ्या नराचं नाव तिने ठेवलं होतं, 'विश्रामी'.

खाली दोन ओळी: "डॉ. विश्राम पेडणेकर यांना. त्यांनी मला चिमटा धरायला आणि थांबायला शिकवलं."

या विद्येत आपलं नाव आपण द्यायचं नसतं. तशी बंदी कुठे लिहिलेली नाही, पण जो देतो त्याला परिषदांमधून हसतात. आडनाव मागे लावायला स्वतःचे हात पुरतात. त्या तिरप्या, लॅटिन, चिरंजीव अक्षरांमधे शिरायला मात्र दुसऱ्याचं मन लागतं. सव्वीस वर्षांत पेडणेकरांना कुणी आत घेतलं नव्हतं.

मग त्यांनी केतकीची चित्रं पाहिली, आणि आतली कडी आपोआप निघाली. पायांवरची केसांची ओळ. डोळ्यांची मांडणी. तीच, रेघेला रेघ तीच. चहावर साय धरली. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, परत आला, परत गेला.

वर्षभर दोन्ही नावं सुखाने नांदली. मागे लागलेलं नाव पेडणेकरांचं, आत घेतलेलं नावही पेडणेकरांचं. इतकी श्रीमंती त्यांनी कधी भोगली नव्हती, आणि इतकी भीतीही. हरवण्यासारखं काही हाती नसलेला माणूस शांत झोपतो.

दुसऱ्या वर्षी केतकी एकटी ठाण्यावर गेली. रोसाउराबाईंनी तिला ओढ्याकाठी नेलं आणि काडीने दाखवलं: हिरवीच्या जाळ्यावर निळा. "हे तर जोडपं," त्या म्हणाल्या. "दर सालचं. नुसता निळा मी ओळखला नाही. तुमच्या डॉक्टरांनी ताटलीत शेजारी हिरवी ठेवली असती तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

केतकीचा फोन आला.

"सर, तुमची एकटी एकटी नाही. दोन्ही एकच जात."

"हं."

"आधी छापलेलं नाव राहतं. तुमचं राहील. माझं 'विश्रामी' बुडवावं लागेल."

"केतकी," पेडणेकर म्हणाले. "थोडं थांबलीस तर? अजून एखादी जोडी मिळू दे. घाई कशाला?"

पलीकडे बराच वेळ पत्र्यावर पाणी वाजत राहिलं.

"सर, तुमच्या लेखातली लेबलावरची तारीख आता नीट वाचली मी. बुधवारची." तिचा आवाज चढला नव्हता. "मी शनिवारी विचारलं होतं."

पेडणेकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तारीख मात्र खरी घातलीत," केतकी म्हणाली. "ते बघून बरं वाटलं. ठेवते, सर."

आणि तिने तिच्या हाताने, तिच्या लेखात, त्यांचं नाव बुडवलं.

आता कोळ्यांच्या जातींची सूची उघडली की वर दिसतं: सोलिटारिया, पेडणेकर, स्वल्पविराम, साल. त्याखाली, किंचित आत सरकवून, बारीक अक्षरांत, बुडालेल्या नावांच्या ओळीत: विश्रामी, धारप. नाव चुकीचं ठरलं म्हणून बदलता येत नाही, असाही नियम आहे. म्हणून जोडीदार असलेली ती जगाच्या अंतापर्यंत एकटी. पुण्यातल्या बाटलीत तिची हिरवाई उतरली आहे, केशर विरलं आहे. काटे तेवढे बारा आहेत.

शेवटची बेरीज करायची तर ती सोपी आहे. केतकीच्या अठरांतलं एक गेलं, पुन्हा सतरा. पुढच्या पावसाळ्यात ते भरून निघालं. पेडणेकरांना मागितलं तेवढं सगळं मिळालं, आडनावासकट, स्वल्पविरामासकट. आणि न मागता मिळालेलं त्या बदल्यात गेलं.

तिकडे धुकं दरीतून वर येतं, धुकं शिखरावरून खाली येतं. घटकाभर ऊन पडतं. हिरवीच्या जाळ्याच्या काठावर निळा थेंब येतो, एक तार छेडतो, थांबतो, छेडतो, थांबतो. त्याचं नाव गेल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही. त्याचं काही गेलेलंही नाही. गेलं ते पुण्यातल्या एका गॅलरीतून, गार होत गेलेल्या चहासमोरून, एकाच माणसाचं, एकदाच, सगळं.