तिसरी प्रत

"हॅस्केलनं लग्न केलं!" ओबेड ट्रास्क पत्र नाचवत म्हणाला. "बटावियात, कुणा डच दलालाच्या मुलीशी. वर मलाच ऐकवतोय, 'आपला होकार आला, मग आपणच तो मागे घेतलात, मी मुकाट्यानं मान्य केलं.' मी कधी मागे घेतला? उन्हानं टाळकं सरकलंय मेल्याचं!"

त्याची धाकटी बहीण थँकफुल समोर बसून पिसाच्या लेखणीला टोक काढत होती. तिचा चाकू थांबला.

अमेरिकेतल्या सेलम बंदरात ओबेडची मिऱ्याची गलबतं होती आणि एकोणीस वर्षं त्याचा सारा पत्रव्यवहार थँकफुलच्या हातचा होता. तिचं अक्षर असं, की सुमात्राचे मिरीवाले म्हणे इंग्रजी येत नसतानाही पत्र समोर धरून जेवायचे. जहाज बुडायचं भय असायचं, म्हणून प्रत्येक पत्राच्या तीन प्रती तीन जहाजांनी जायच्या. वाचून नक्कल करतात ते नवशिके; ती डोळ्यांनी उचलायची आणि हातानं ठेवायची. एकदा तिला डुलकी लागली, तरी हात अडीच पानं पुढे गेला होता म्हणतात, आणि एक टिंब चुकलं नव्हतं.

जावा बेटावरच्या बटावियातून ओबेडला मिरी धाडणाऱ्या कॅप्टन हॅस्केलनं थँकफुलला घातलेली मागणी पत्रातूनच आली होती. ऑक्टोबरात ओबेडनं नकार सांगितला. तो तिनंच लिहिला. जानेवारीत संधिवातानं तो अंथरुणाला खिळला, थँकफुलच्या लेपांनी उठला आणि विरघळला. "ये म्हणावं त्याला." तेही तिनंच लिहिलं. त्या दिवशी मात्र शाई दोनदा सांडली.

आता तिनं उठून पत्रांची वही काढली. ऑक्टोबरच्या नकाराशेजारी समासात तिचीच खूण होती: तिसरी प्रत, नऊ मार्च.

त्या दिवशी गलबत भरतीबरोबर सुटणार होतं आणि टोपलीतल्या पत्रांच्या राहिलेल्या तिसऱ्या प्रती लिहून धाडायच्या होत्या. घाई होईल म्हणून तिनं सकाळीच कोऱ्या कागदांवर त्याच दिवसाची तारीख टाकून ठेवली होती. नकलेवर मूळ पत्राचीच तारीख हवी, हे सेलमचं शेंबडं पोरही सांगेल. आणि रद्द झालेला नकार टोपलीतून काढायचा राहून गेला होता; होकारानंतरची तारीख घेऊन तोही हॅस्केलकडे गेला.

"समुद्रावरचा माणूस," ओबेड फुत्कारला. "त्याला निमित्तच हवं होतं!"

"त्याला बोल लावू नकोस, दादा. त्याचं डोकं ठिकाणावर आहे." तिनं वही त्याच्यापुढे सरकवली. "चूक माझी आहे."

ओबेडनं चष्मा लावून बोटानं तारखा चाचपल्या.

"कळवू या का गं त्याला? खरं काय झालं ते?"

"पत्र पोचायला पाच महिने. तोवर त्यांच्या घरात पाळणा हलेल. कशाला त्या पोरीच्या संसारात काडी घालायची?"

"तू फार शहाणी आहेस, थँकफुल."

"हो ना. बघतोसच तू."

मग ओबेडनं हॅस्केलला धाडायच्या उत्तराचा मजकूर सांगायला घेतला. मिरी यंदा दमट निघाली, पोती बदलावीत, विवाहाबद्दल अभिनंदन. थँकफुलनं लिहिलं. खाली चार बोटं कागद उरला. अशा जागी घरच्यांनी आपली ओळ लिहायची, ही रीतच होती.

"तूही लिही काहीतरी," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

तिनं लेखणी बुडवली, थोडा विचार केला आणि लिहिलं: 'आमच्याकडे या वर्षी सफरचंदं बरी आली.' मग वर वाळू भुरभुरली आणि शाई वाळायची वाट बघत बसली.