एका कागदात मावलेला कठडा

मित्रांनो, मी एक जुना प्लॉटर आहे. प्लॉटर म्हणजे मोठाले आराखडे छापणारा प्रिंटर. तुमच्या शाळेतला प्रिंटर टेबलावर मावतो. मी मात्र स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि एका खाटेएवढी जागा अडवतो. अंगाने असा दांडगा असलो तरी स्वभावाने मी भित्रा आहे. शाई संपत तर नाही ना, कागद तिरका तर जात नाही ना, याच घोरात माझा दिवस जातो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

कारखान्यातून निघालो तो खोक्यात बंद होऊनच. आपल्याला कोण नेणार, कुठे नेणार, या धास्तीतच सगळा प्रवास झाला. पण नशीब चांगलं निघालं. एका बहीणभावाच्या फर्निचरच्या कारखान्यात मी आलो. पुढच्या खोलीत ताई कॉम्प्युटरवर आराखडे काढायची, मागे काचेपलीकडे दादाचं सुतारकाम चालायचं. ताईने काढलेली वस्तू मी होती तेवढ्या मापाची कागदावर उतरवायचो. दादा तो कागद लाकडावर चिकटवायचा आणि माझ्या रेघेवरून करवत फिरवायचा. विचार करा, माझी रेघ केसभर हलली तर लाकूड फुकट!

म्हणून ताई प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ठरलेल्या मापाचा एक चौकोन काढायची. दादा आधी त्यावर पट्टी ठेवायचा, चौकोन बरोबर भरला की मगच कापायला घ्यायचा. पहिली काही वर्षं त्याने हे न चुकता केलं. पुढे माझ्यावर त्याचा इतका विश्वास बसला की पट्टी खुंटीवरच राहू लागली. 'हा खोटं बोलत नाही,' असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. खरं सांगतो, मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग ताईचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि माझे वाईट दिवस आले. माझ्या पाठीवर कुणी लाकडाचे नमुने ठेवले, कुणी ओली छत्री वाळत घातली. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली की मला वाटायचं, आली आपली पाळी.

हे कुटुंब कारखान्याच्या वरच राहायचं. वर जाणारा जिना मधे वळतो, आणि त्या वळणावरचा लाकडी कठडा मोडला होता. तिथेच आईचा पाय घसरला. हाड जुळून आलं, पण भीती काही जाईना. त्या दिवसापासून आई खाली उतरलीच नाही. वरूनच हाका मारून जेवणाचं विचारायची. वळणाचा कठडा सांध्याशिवाय एकसंध हवा, तर त्याला रुंद फळी लागते. तशी एकच फळी घरात होती, बहीणभावांच्या वडिलांनी जपून ठेवलेली. आता ते नव्हते, आणि एवढ्या रुंदीचं लाकूडही कुठे मिळत नव्हतं. दादाने ती फळी आईसाठी काढली. ताईने त्यासाठीच नवा कॉम्प्युटर आणला.

पण नवा कॉम्प्युटर मला ओळखेचना! कॉम्प्युटर जोडून देणारे गृहस्थ आले. त्यांनी वायर बदलली, कुठून तरी माझ्यासाठी जुना प्रोग्रॅम शोधून आणला. मधे ते ताईला म्हणालेसुद्धा, की म्हातारा झालाय, नवा घेऊन टाका. ताईने आणखी एकदा बघायला सांगितलं. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी एकदाची ओळख पटली.

कठड्याचं वळण माझ्या कागदापेक्षा दोन बोटं रुंद होतं. असं असलं की उरलेलं टोक मी दुसऱ्या कागदावर काढतो आणि ताई ते चिकटपट्टीने जोडते. चिकटपट्टी तिने काढूनही ठेवली होती. पण त्या गृहस्थांनी, बिचाऱ्यांनी मदत म्हणूनच, 'कागदात बसवा' या खुणेवर टिचकी मारली. हुकूम माझ्याकडे आला. सगळं थोडं थोडं लहान कर. मी हुकमाचा ताबेदार, केलं.

अखंड कागद बाहेर आला आणि सगळे खूश झाले. सांधा नाही, चिकटपट्टी नाही! दादाने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हातारा अजून दणकट आहे म्हणाला. इतके महिने ज्या थापेची वाट पाहिली, ती पडली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद घेऊन तो मागे गेला. काचेतून मला सगळं दिसत होतं. त्याने कागद फळीवर चिकटवला, हाताने सुरकुत्या काढल्या. कोपऱ्यातला चौकोन त्याच्या डोळ्यांसमोर होता. मोज रे बाबा, एकदा मोज, असं माझं आतल्या आत चाललं होतं. पण तोंड कुठे होतं मला? त्याने करवतीचं यंत्र सुरू केलं.

इकडे ताई चिकटपट्टी परत खणात ठेवत होती. ठेवता ठेवता थांबली. हातातल्या चिकटपट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि धावत सुटली.

"दादा, थांब. ते एका कागदात मावलंच कसं?"

दादा वैतागला. इतक्या वर्षांत याने कधी खोटं माप दिलंय का, असं त्याने विचारलं.

"तो खोटं नाही बोलला. आपण त्याला विचारलंच नाही," ताई म्हणाली.

दादाने खुंटीवरची पट्टी आणून चौकोनावर ठेवली. चौकोन मापाला कमी भरला. त्याने यंत्र बंद केलं आणि तिथेच भुशात बसला.

"कापली असती गं," तो हळूच म्हणाला. "बाबांची फळी."

मग ताईने 'कागदात बसवा'ची ती खूण काढून टाकली. मी दोन कागदांवर वळण काढलं, ताईने ते जोडलं, दादाने दोनदा मोजलं आणि कापलं. कठडा बसला त्या दिवशी आई जिन्याशी आली. वळणावर जरा थबकली. तिचा हात लाकडावरून पुढे सरकत गेला, कुठे अडला नाही, कुठे सुटला नाही. खाली दादा दोन्ही हात पसरून उभा होता. त्यांची गरज पडली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, झाका, आमच्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका. पण माया करता म्हणून मोजायचं सोडू नका. आम्हाला तपासलं तर आम्ही रुसत नाही. चुकीचा हुकूमही मी तितक्याच सुबक रेघेत छापतो, आणि त्या वेळी मला किती भीती वाटते ते कागदावर कुठेच उमटत नाही.