रक्तपिशाच वकिलाचे सुळे रंगवणारा कुंचला

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. खारीच्या शेपटीच्या केसांचा, निळ्या दांड्याचा. माझ्या मनात एका माणसाबद्दल राग आहे, आणि तो लपवून मी माझी कथा सांगणार नाही.

कवठे महांकाळच्या आप्पासाहेबांनी मला सांगलीच्या बाजारातून आणले. ते पाट्या रंगवायचे. दवाखाने, किराणा दुकाने, ट्रकच्या पाठी, सगळीकडे मी फिरलो. त्यांची वेलांटी बघायला लोक सायकल थांबवत. पुढे फ्लेक्स आले. पाट्या रंगवायला कुणी बोलावेना. रंगाच्या एका रिकाम्या डब्यात मी बरीच वर्षे पडून राहिलो.

आप्पासाहेबांची मुलगी अक्षता वकील झाली आणि इस्लामपूरला जयराज वकिलांच्या हाताखाली काम शिकू लागली. निघताना आप्पासाहेबांनी मला धुऊन तिच्या पिशवीत ठेवले. "ह्याच्यावर रंग वाळू दिऊ नगंस," एवढेच ते म्हणाले.

दुपारी कोर्ट जेवायला उठले की अक्षता व्यंगचित्रे काढायची. तिच्या चित्रांत रक्तपिशाच वकील होता. काळ्या कोटाआड सुळे लपवून तो न्यायाधीशांना म्हणायचा, "माझे पक्षकार उजेडात येऊ शकत नाहीत." पट्ट्या गुंडाळलेली ममी साक्ष द्यायची, "दावा लावला तेव्हा मी जिवंत होते." लांडगा झालेला साक्षीदार हात जोडायचा, "साहेब, पौर्णिमेची तारीख नको." मला पुन्हा काम मिळाले होते. मी फार सुखात होतो.

त्या ऑफिसच्या बाकावर बायडाबाई येऊन बसायच्या. त्यांचे मालक लष्करात होते, ते वारले. मग दिराने त्यांच्या रानाची वाट अडवली. ऊस कारखान्याला न्यायला गाडी आत जाईना. जयराज त्यांचे वकील होते, पण प्रत्येक वेळी तेच उठून पुढची तारीख मागायचे. का, ते अक्षताला एके दिवशी कळले. बायडाबाई बाहेर बसलेल्या असताना त्यांचा दीर आतल्या खोलीत जयराजबरोबर चहा पीत होता.

"सर, हा तर समोरचा पक्ष आहे," दीर गेल्यावर अक्षता म्हणाली.

"तू शिकायला आलीस ना? मग शीक." जयराजने टेबलावरची तिची चित्रे पाहिली, उचलली आणि फाडली. मग त्याने मला उचलले. पाय खुर्चीवर ठेवला आणि माझ्या केसांनी बुटाच्या शिवणीतला चिखल काढला. "बघ, ह्याचा काहीतरी उपयोग झाला," तो हसत म्हणाला.

मित्रांनो, ज्या केसांनी मी देवळाच्या कमानीवर नाव लिहिले होते, त्यांत चिखल आणि पॉलिश भरले. त्या क्षणी मी मनाशी ठरवले, की हा माणूस मला माझ्याच टोकाखाली हवा.

अक्षताने मला धुतले आणि ते ऑफिस सोडले. बायडाबाईंनाही तिने चहाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "उसाला तुरं आलं, वाळून चाललाय. आता तूच लढ माजी केस." पण जयराज केसचे कागद देईना आणि वकील बदलायच्या ना हरकतीवर सहीही करीना. "बघू पुढच्या आठवड्यात," एवढेच म्हणायचा.

तेवढ्यात वकील संघाचे स्नेहसंमेलन आले. तिथे भित्तिपत्रक लावायचे असते. अक्षताने मला काळ्या शाईत बुडवले. मी इतक्या त्वेषाने कधीच चाललो नव्हतो. रक्तपिशाच वकील दोन बोटांनी कॉलर सावरत होता, अगदी जयराज सावरतो तशी. एका बाईचे हिरवे रान तो नळी लावून शोषत होता, आणि सुळ्यांतून तारखा गळत होत्या. सुळे मी दोनदा गिरवले. नाव कुठेच लिहिले नाही.

सकाळपासून चित्रापुढे गर्दी होती. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येत होते. दुपारी जयराजने तक्रार केली. संघाच्या अध्यक्ष संयोगिताताईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवले.

"ही माझी बदनामी आहे," जयराज म्हणाला.

"ह्यात तुमचं नाव कुठं आहे?" संयोगिताताईंनी विचारले.

"नाव कशाला हवं? सगळ्यांना कळतंय."

"काय कळतंय?"

"की तारखा मागून त्या बाईचं रान सुकवणारा मीच आहे."

बोलून गेल्यावर त्याला समजले आपण काय बोललो ते. हॉलमध्ये कुणी हसले नाही. दाराशी बायडाबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आवं साहेब, मग माजी कागदं द्या की."

सगळ्यांच्या देखत जयराजने ऑफिसातून कागद मागवून दिले आणि ना हरकतीवर सही केली. मी अक्षताच्या पिशवीतून डोके बाहेर काढून ते पाहिले, आणि मला मनापासून गोड वाटले.

जाताना तो अक्षताला हळूच म्हणाला, "आता ते चित्र काढून टाक."

"काढते की, सर. बघू पुढच्या आठवड्यात."

पुढे अक्षताने केस लढवली आणि रानाची वाट मोकळी झाली. तो ऊस मात्र वाया गेला, तो परत येणार नव्हता. बायडाबाईंनी उसाची नवी लागण केली. जयराजचे ऑफिस अजून आहे. पण बाकावर बसायला येणारी माणसे आता आधी त्याच्या दातांकडे बघतात.

मित्रांनो, कुंचला वापरून झाला की लगेच धुवा, केसांना टोक द्या, आणि आडवा ठेवा. आम्हाला बुटाला लावू नका. आम्ही गप्प असतो, पण विसरत नाही. माझे केस आता गळू लागले आहेत. उरले आहेत तेवढ्यांत त्याचे सुळे आणखी एकदा नक्की गिरवून होतील.