तीन नावांचे दोनशे तीन उल्लेख

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी रोहिणी ठाकूरचा अर्ज परत आला. कारण एका ओळीचं होतं: अर्जदार एक, संशोधक दोन.

रोह्यात त्वचाविकार संशोधन केंद्र निघत होतं आणि रोहिणीला त्याचं प्रमुखपद हवं होतं. अट सरळ होती. इतर संशोधकांनी आपल्या लेखांत अर्जदाराच्या कामाचा किमान दोनशे वेळा उल्लेख केलेला असावा. मुदत त्याच संध्याकाळी पाचची. पद मिळालं तर पेणजवळच्या घरून रोज जाऊन-येऊन नोकरी. नाही मिळालं तर पुण्याची प्रयोगशाळा आणि महिन्यातून दोन रविवार संसार, जसा गेली आठ वर्षं चालला होता. अर्जासाठी ती रजा घेऊन घरी आली होती.

मिठागरात राबणाऱ्यांच्या तळपायाच्या भेगा लवकर भरून का येत नाहीत, हा तिचा विषय. लग्नाआधीचे लेख नम्रता म्हात्रे या नावावर होते. त्यांचे उल्लेख एकशे सदतीस. लग्नात सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायला लावलं. त्या रोहिणी ठाकूरच्या नावावर अठ्ठ्याऐंशी.

"म्हंजे माझ्यापायी अडलं व्हय तुजं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. लग्नाचा दाखला जोडला की झालं."

दाखला ट्रंकेत निघाला. त्याच्याखाली लग्नाचा अल्बमही निघाला, तेव्हा धोंडुबाईंनी तांदळाच्या ताटाचा फोटो जोडायला लावला. "कागदाचं काय गो, कुनीबी करतं. फोटोत तुजं बोट दिसतंय."

साडेअकराला दोन्ही रवाना झाले. उत्तर आलं सव्वाचारला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे मान्य. मात्र रोहिणी ठाकूर यांनी नम्रता म्हात्रे यांचे एकतीस उल्लेख केले आहेत आणि स्वतःचे उल्लेख धरता येत नाहीत. उरले एकशे चौऱ्याण्णव.

धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून तिचा नवरा प्रविण नुकताच टेकला होता. "एकतीस वेळा?" तो म्हणाला. "आमचं नाव एकदा तरी घेतलंस का चांगल्या कामासाठी?"

"आपलीच पोर आपन वाखाणली तर लोक धरतील कशाला?" धोंडुबाईंनी केंद्राची बाजू घेतली.

रोहिणी हसली नाही. सहा कमी पडत होते, आणि नऊ कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं.

"आई, एक सांगायचं राहिलंय."

लग्नानंतरचा पहिला लेख तिनं नम्रता ठाकूर या नावानं छापला होता. आडनाव घेतलं, पण पाळण्यातलं नाव सोडवेना. पुढे नोकरीच्या कागदांवर रोहिणी आली आणि लेखांवरही आली. तो एक लेख तिनं घरात कधी दाखवला नाही, अर्जातही घातला नाही. त्याचे उल्लेख नऊ, सगळे परक्यांचे.

धोंडुबाईंनी अल्बम मिटला. "आठ वर्सं लपवलंस?"

"हो."

प्रविणनं पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

"माजं म्हायेरचं नाव भागी," धोंडुबाई म्हणाल्या. "सासऱ्यांनी धोंडू केलं. मला कुटं लेख छापायचा व्हता? नायतर मीबी छापला असता." मग प्रविणकडे वळून, "वर काय बगतोस? कागद घे. पाच वाजतील."

तिसऱ्या नावाला सरकारी कागद नव्हताच. धोंडुबाईंनी सांगितलं तसं प्रविणनं लिहिलं: नम्रता म्हात्रे, रोहिणी ठाकूर आणि नम्रता ठाकूर ही माझी एकच सून आहे, हे मी सासू म्हणून लिहून देते. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांनी सावकाश केली, धोंडुबाई हिरामण ठाकूर. पेन खाली ठेवता ठेवता पुन्हा उचललं आणि शेजारी आणखी तीन शब्द लिहिले: म्हायेरची भागी म्हात्रे.

"ते कशाला, आये?" प्रविणनं विचारलं.

"आसूदे. खरं हाय ते."

चार त्रेपन्नला कागद आणि लेख गेला. "नम्रता, आता च्या टाक," धोंडुबाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळी अकरापर्यंतची स्थिती अशी: अर्ज फेटाळलेला नाही, स्वीकारलेलाही नाही. केंद्रानं एकच खुलासा मागितला आहे. सही करणाऱ्या धोंडुबाई ठाकूर आणि भागी म्हात्रे या एकच व्यक्ती आहेत, याचा पुरावा जोडावा.